पार्श्वभूमी : सेल भरला, हे चार्जरला कशावरून कळते?

रिचार्जेबल सेलसाठी चार्जर घेताना चर्चा होते ती स्लॉट किती, करंट किती आणि समोर डिस्प्ले आहे की नाही याची. चार्जरच्या इतिहासातले जवळजवळ प्रत्येक वळण मात्र दुसऱ्याच प्रश्नातून आले आहे. सेल भरला हे चार्जरने कशावरून ओळखायचे आणि भरल्यावर काय करायचे, हा तो प्रश्न.

निकेल-कॅडमियम सेलचा शोध स्वीडनमध्ये १८९९ साली लागला. घरगुती चार्जरची गोष्ट त्यानंतर अर्ध्या शतकाने, सीलबंद सेल बनवणे जमल्यावर सुरू होते. चार्जिंगच्या शेवटी धन इलेक्ट्रोडवर ऑक्सिजन सुटतो. तो सेलच्या आतच ऋण इलेक्ट्रोडवर शोषला जाईल अशी रचना साधली आणि सेल कायमचा बंद करता आला. या शोषणात उष्णता निर्माण होते. भरलेल्या सेलमध्ये पुढे जी वीज जाते तिची उष्णताच होते. करंट पुरेसा कमी असेल तर ही उष्णता सहज बाहेर पडते, म्हणून पहिल्या पिढीचे चार्जर क्षमतेच्या एक दशांश करंट १४ ते १६ तास देत. ट्रान्सफॉर्मर, डायोड, रेझिस्टर आणि एक लाल दिवा, एवढेच त्यांत असे. ६०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेच्या एए सेलला ६० मिलिअँपिअर मिळे. चार्जर स्वतः थांबत नसे, आठवणीने सेल काढणे वापरणाऱ्याकडे असे. विसरले तरी निकेल-कॅडमियम सेल ते बऱ्यापैकी सोसत असे.

याच काळातली ‘मेमरी इफेक्ट’ची, म्हणजे वारंवार अर्धवट वापरलेला सेल पुढे तेवढीच क्षमता देतो अशी, धास्ती अजून गेलेली नाही. उपग्रहांमध्ये सेल प्रत्येक फेरीत नेमका तेवढाच रिकामा होत असे, तिथे हा परिणाम नोंदला गेला. घरात जे दिसते ते बहुतेक वेळा सततच्या ओव्हरचार्जमुळे व्होल्टेज खाली सरकणे असते. तरीही ‘पूर्ण रिकामा करूनच चार्जला लावा’ हा सल्ला पुढे लिथियमपर्यंत पोहोचला आणि तिथे तो सेलचे आयुष्य कमी करतो.

१९९०च्या सुमारास निकेल मेटल हायड्राइड सेल बाजारात आले. सुरुवातीला हजार-बाराशे एमएएच असलेली एए सेलची क्षमता पंधरा वर्षांत अडीच हजारांच्या पुढे गेली. चार्जर मात्र अनेक घरांत तेच जुने राहिले. ६० मिलिअँपिअरच्या त्या चार्जरवर २५०० एमएएचचा सेल भरायला दोन दिवसांहून जास्त लागतात. बाजारातले बरेच स्वस्त चार्जर दोन सेल एकामागे एक जोडून चार्ज करत. त्यातला एक आधीच अर्धा भरलेला असेल, तर दुसरा भरेपर्यंत पहिला तापत राही. प्रत्येक स्लॉट स्वतंत्र असावा, हा आजही चार्जर निवडीचा पहिला निकष आहे, त्याचे मूळ इथे आहे.

नव्या सेलचा स्वभावही वेगळा होता. निकेल-कॅडमियम चार्ज होताना बराच वेळ थंड राहतो आणि शेवटी तापतो. मेटल हायड्राइड सुरुवातीपासूनच थोडी थोडी उष्णता देतो आणि ओव्हरचार्ज फारसा सोसत नाही. इथूनच एक वाद सुरू झाला, जो आजही मिटलेला नाही : हे सेल सावकाश चार्ज करावेत की जलद?

सावकाश चार्जिंग सेलला मानवते, असे बहुतेकांना वाटते. त्यांच्या बाजूने एक भक्कम पुरावाही आहे. सेलवर छापलेली क्षमता आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोजली जाते, ती सेल ०.१ सी, म्हणजे क्षमतेच्या एक दशांश करंटने १६ तास चार्ज करून. म्हणजे मानकालाच सावकाश चार्जिंग मान्य आहे, असा हा युक्तिवाद. पण मानकातली कृती पूर्ण रिकाम्या केलेल्या सेलपासून सुरू होते. घरातला सेल कधी एक तृतीयांश भरलेला असतो, कधी निम्मा. निम्म्या भरलेल्या सेलला सोळा तासांचा टायमर लावला, तर त्यातले निम्मे तास ओव्हरचार्जचे असतात.

जलद चार्जिंगच्या बाजूचा मुद्दा थांबण्याच्या खुणेचा आहे. सेल भरत आला की ऑक्सिजन शोषला जाऊन तापमान वेगाने वाढते आणि त्यामुळे व्होल्टेज शिखर गाठून किंचित खाली येते. ही घसरण पकडून चार्जर थांबतो. तिलाच मायनस डेल्टा व्ही म्हणतात. निकेल-कॅडमियममध्ये ती दर सेलला १० ते २० मिलिव्होल्ट असल्याने सहज पकडता येई. मेटल हायड्राइडमध्ये ती जेमतेम ५ मिलिव्होल्ट असते, कधी त्याहून कमी. शिवाय ती करंटवर अवलंबून असते. ०.३ सीच्या खाली ती इतकी पुसट होते की चार्जरला दिसतही नाही. म्हणूनच सेल उत्पादकांच्या तांत्रिक पुस्तिका व्होल्टेजची घसरण पाहून थांबणाऱ्या चार्जिंगसाठी ०.५ ते १ सी करंट सुचवत आल्या आहेत.

२०००च्या दशकात स्वतंत्र स्लॉट आणि डिस्प्ले असलेले चार्जर हौशी लोकांपर्यंत पोहोचले, तेव्हा हा वाद एका आकड्यावर येऊन ठेपला. त्यांतल्या एका फार लोकप्रिय मालिकेत काहीही न निवडता सेल ठेवला तर करंट २०० मिलिअँपिअर राही. कमी क्षमतेच्या एएए सेलला तो चालून जाई. २००० एमएएचच्या एए सेलसाठी मात्र तो बरोबर ०.१ सी होतो, म्हणजे घसरणीवर थांबणाऱ्या चार्जरला ती घसरण दिसणार नाही असाच करंट. बटण न दाबणाऱ्याचा सेल कमीत कमी तापावा, हा त्यामागचा विचार समजतो, पण निवड चुकीचीच होती. बटण न दाबणारा माणूसच सेल चार्जरमध्ये विसरतो आणि आपोआप थांबण्याची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते.

दुसऱ्या एका घराण्याने घसरणीची वाट पाहणेच सोडले. तिथे चार्जर १.४७ व्होल्टच्या आसपास मुख्य चार्जिंग थांबवी आणि उरलेले हलक्या करंटने पुढचे काही तास भरत राही. सेल थंड राहत. मात्र जुन्या, अंतर्गत रोध वाढलेल्या सेलचे व्होल्टेज लवकर चढते आणि तो अर्धवट भरूनच बाहेर येतो. दोन्ही पद्धतींतून धडा घेऊन नंतरच्या चांगल्या चार्जरमध्ये तापमानाचा सेन्सर आणि कमाल वेळेची मर्यादा जोडली गेली. एए सेलला ०.५ सीच्या आसपासचा करंट आणि हे दोन्ही बंदोबस्त, हा मेळ सर्वांत विश्वासाचा आहे. पंधरा मिनिटांत सेल भरणारे पंखेवाले चार्जरही मधल्या काळात येऊन गेले. सेलचे आयुष्य खर्चून वेग मिळवण्याचा तो प्रकार होता.

२००५ मध्ये कमी स्वयं-विसर्जनाचे सेल आले. आधीचे सेल नुसते ठेवले तरी महिन्याभरात पाव-एक चार्ज गमावत, म्हणून ते चार्जरमध्येच बारीक करंटवर ठेवण्याची पद्धत पडली होती. नवे सेल वर्षानंतरही बहुतांश चार्ज टिकवतात, त्यामुळे त्या ट्रिकल चार्जची गरजच संपली. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशाने बहुतेक छोट्या सेलमधून कॅडमियम हद्दपार केले. बिनतारी हत्यारांना दिलेली सवलतही २०१६ अखेर संपली.

लिथियम-आयन १९९१ मध्ये बाजारात आले आणि ओळखण्याचा प्रश्न सोपा झाला, चूक झाल्यास मोजावी लागणारी किंमत मात्र वाढली. आधी ठरावीक करंट, मग ठरावीक ४.२ व्होल्ट, आणि करंट दहाव्या-विसाव्या हिश्श्यावर उतरला की पूर्ण बंद. ट्रिकल अजिबात नाही. फरक चालतो तो साधारण ०.०५ व्होल्टचा. १८६५० हा १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा सेल मुळात लॅपटॉपच्या पॅकमध्ये, संरक्षक सर्किटच्या देखरेखीखाली राहण्यासाठी होता. तो सुटा होऊन टॉर्चमध्ये आला, तेव्हा त्याच्यासाठी निघालेल्या स्वस्त चार्जरपैकी काही ४.२ च्या पुढे जात, काही थांबतच नसत.

मग २०१०च्या दशकात निकेल आणि लिथियम दोन्ही घेणारे चार्जर आले. १४५०० हा लिथियम सेल एए एवढाच असतो, म्हणून चार्जर सेलच्या व्होल्टेजवरून जात ओळखतो. अगदी खाली गेलेला लिथियम सेल त्याला निकेलसारखा भासू शकतो. लिथियम आयर्न फॉस्फेट ३.६५ व्होल्टला थांबवायचा असतो, तो साध्या लिथियमपासून वेगळा ओळखणे चार्जरला भरवशाने जमत नाही. त्यासाठी हाताने निवड करण्याची सोय लागते. शून्य व्होल्ट दाखवणाऱ्या सेलला ‘जागे करण्याची’ सोयही याच चार्जरमध्ये आली. संरक्षक सर्किटने जोडणी तोडल्यामुळे बंद दिसणाऱ्या सेलला ती उपयोगी आहे. खरोखरच फार खाली गेलेल्या सेलच्या आत तांबे विरघळलेले असू शकते आणि तो चार्ज करणे धोक्याचे आहे. दोन्ही सेल चार्जरला सुरुवातीला सारखेच दिसतात. बरेच महिने विसरलेला, विनासंरक्षण सेल शून्य दाखवत असेल तर तो टाकून द्यावा.

अलीकडे १.५ व्होल्टचे लिथियम एए सेल आले आहेत. त्यांच्या आत व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर असतो आणि कधी चार्ज थांबवायचा हे सेलच ठरवतो. काहींच्या अंगावर यूएसबीचे छिद्र असते, काहींना ५ व्होल्ट देणारा त्यांचाच चार्जर लागतो. निकेलच्या चार्जरमध्ये ते चार्ज होत नाहीत, आणि ५ व्होल्टच्या चार्जरमध्ये साधा निकेल सेल ठेवणे त्याहून वाईट. दोन्ही चार्जरचे स्लॉट मात्र एकाच मापाचे आहेत.