तळ्याच्या उबेतून पडणारा बर्फ

दार उघडलं, तर समोर बर्फाची भिंत आणि त्या भिंतीवर दाराचाच ठसा उमटलेला. अमेरिकेतल्या बफेलो परिसरातला, नोव्हेंबर 2014 मधला हा फोटो थंडी आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्याने अवतरतो. यंदा त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, "आणि म्हणे पृथ्वी तापतेय!" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी उत्तर टाइप करायला घेतलं, ते काही मोबाइलच्या पडद्यात मावेना. म्हणून इथे लिहितोय. कारण तो बर्फ नुसत्या थंडीने पडतच नाही. तो पडतो तळ्याच्या उबेमुळे.

आधी गावाची ओळख, थोडक्यात. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, ईरी सरोवराच्या पूर्व काठावर बफेलो आहे. 2020 च्या जनगणनेत वस्ती 2,78,349. 1950 मध्ये ती 5,80,132 होती, म्हणजे सत्तर वर्षांत गाव निम्म्याहून खाली आलं. 1825 मध्ये ईरी कालवा इथवर पोचला आणि मध्य-पश्चिमेतला गहू याच धक्क्यावर उतरू लागला. तो उतरवायला जोसेफ डार्टने 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला वाफेवर चालणारी बादल्यांची माळ बसवली. आपल्या रहाटगाडग्याची चुलतबहीणच. पुढची प्रचंड काँक्रीटची कोठारं आजही नदीकाठी उभी आहेत. 1896 मध्ये नायगऱ्याची वीज इथे आली. आपल्याकडच्या मेन्यूकार्डांवर 'बफेलो विंग्ज' दिसतात, तेही याच गावचे. ते कोंबडीचे असतात, म्हशीचा संबंध नाही.

आता तळं. ईरी सरोवर 388 किलोमीटर लांब, सर्वांत रुंद जागी सुमारे 92 किलोमीटर, आणि आडवं नाही तर किंचित तिरकं, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं. बफेलो बरोबर ईशान्य टोकावर. पाच महासरोवरांत हे सगळ्यांत उथळ, सरासरी खोली जेमतेम 19 मीटर. लांबी, दिशा आणि उथळपणा या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, हे शाळेत विशिष्ट उष्म्याच्या धड्यात शिकलो. पण प्रमाण किती? एक घनमीटर पाणी एका अंशाने निवताना जेवढी उष्णता सोडतं, तेवढ्यात तीन हजारांहून अधिक घनमीटर हवा एका अंशाने तापते. म्हणजे नोव्हेंबरात काठावरची झाडं ओकीबोकी झालेली, रात्री पारा शून्याखाली, तरी तळ्याच्या पोटात उन्हाळा शिल्लक असतो. पाणी आठ-नऊ अंशांवर असतं. अशा वेळी कॅनडाकडून ध्रुवीय थंडीची लाट उतरते.

ही हवा कोरडी असते, कारण ती दुसरं काही असूच शकत नाही. 30 अंशांची हवा घनमीटरला सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरते. 8 अंशांची सुमारे 8. उणे 10 ची जेमतेम अडीच ग्रॅम. गंमत म्हणजे याच हिशेबावर एअर कंडिशनर जन्मला, आणि तोही बफेलोतच. 1902 मध्ये इथल्या एका कंपनीत नोकरीला असलेल्या विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी दमट हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिचं पाणी काढून टाकायची योजना आखली. कागद फुगायचा आणि रंग सरकायचे, ते थांबवायला. बर्फाच्या गावात एसी, असं लोक हसून सांगतात. मला त्यात विसंगती दिसत नाही, तत्त्व एकच आहे.

तर ही कोरडी हवा पाण्यावर आली की खालचा थर तळ्याला टेकतो, तापतो, बाष्प पितो आणि हलका होऊन वर उठतो. इथे जरा सावकाश वाचा, हाच भाग मला सगळ्यांत आवडतो. वर चढणारी हवा पसरते आणि पसरताना निवते. ढग होईपर्यंत दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी. तरीही ती चढत राहायची, तर आजूबाजूची हवा तिच्याहून थंडच हवी. म्हणून तिथले हवामानतज्ज्ञ दोनच आकडे आधी बघतात: तळ्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरचं. त्यांत 13 अंशांचा फरक पडला की हवेचा तोल गेला असं धरायचं. तळं 8 वर आणि वर उणे 15 असेल, तर फरक 23! बाष्पाचा ढग होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, त्याने हवा पुन्हा तापते आणि आणखी वर जाते. ढगाचं तापमान उणे 12 ते उणे 18 च्या दरम्यान असलं, की फांद्या फुटलेले सहा टोकांचे स्फटिक झपाट्याने वाढतात. भुरभुरीत बर्फ होतो तो यांचाच. कधीकधी ढगात विद्युतभार साठून बर्फ पडतानाच वीज कडाडते. आपल्या पावसाळी ढगांच्या मानाने हे ढग बुटके, बरेचदा दोन-तीन किलोमीटरच उंच. पण ते एका जागी ठिय्या देतात.

ठिय्या का देतात, त्याचं उत्तर तळ्याच्या लांबीत आहे. ताशी 48 किलोमीटरचा वारा तळं आडवं ओलांडेल तर दोन तासांत पार. तोच नैर्ऋत्येकडून, तळ्याच्या लांबीला धरून वाहिला तर आठ तास पाण्यावर राहतो, आठ तास बाष्प पितो. शिवाय दोन्ही काठांची जमीन पाण्याहून थंड, म्हणून दोन्हीकडची हवा मध्यावर ओढली जाते, तिथे एकमेकींना भिडते आणि वर ढकलली जाते. सगळे ढग मग एका रेघेत गोळा होतात. या रेघेला तिथे 'बँड' म्हणतात. रुंदी कधी पंधरा-वीस किलोमीटर, लांबी शेकडो. या टोकाला उभं राहून पाहिलं तर तिची कड भिंतीसारखी दिसते.

वारा दहा अंशांनी वळला, की बागेतल्या रबरी नळीसारखा बँड दुसऱ्या उपनगरावर. 2014 मध्ये दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ साचला, आणि त्याच वेळी गावाच्या उत्तर भागात काही इंचच. दादरला धो-धो आणि बोरिवलीत ऊन, हे आपल्याला नवीन नाही; इथे ते दोन-तीन दिवस तसंच टिकलं. पाच फुटांनी घाबरायला होतं, पण असा हलका बर्फ 15 ते 20 सेंटीमीटर वितळला की पाणी निघतं एक सेंटीमीटर. म्हणजे 150 सेंटीमीटर बर्फात पाऊस भरेल 75 ते 100 मिलिमीटर, मुंबईच्या जुलैतला एक दिवस. फरक इतकाच, की तो गटारातून वाहून जात नाही. डिसेंबर 2022 च्या वादळात बफेलो ज्यात येतं त्या एका परगण्यात चाळिसांहून अधिक माणसं गेली, काही गाडीत अडकून, काही घरात गारठून.

मग हिवाळाभर असंच चालतं का? नाही, आणि इथे उथळपणा कामाला येतो. पाण्याचं असंगत आचरण आठवा, 4 अंशांना सर्वांत जड. सगळं पाणी 4 अंशांवर येईस्तोवर थंड पाणी खाली जात राहतं, त्यामुळे खोल सरोवरं गोठायला फार वेळ घेतात. ईरीचं भांडंच लहान. जानेवारी-फेब्रुवारीत ते बरंच गोठतं आणि वाफेचा कारखाना मंदावतो. अर्थात निसर्गाला पळवाटा असतात. 1976 च्या डिसेंबरातच तळं गोठलं, गोठलेल्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे बर्फ साचत गेला, आणि 28 जानेवारी 1977 ला सुटलेल्या वाऱ्याने तो सगळा उचलून बफेलोवर आणून टाकला. आकाशातून नवा बर्फ त्या मानाने थोडाच पडला होता.

म्हणजे आमच्या ग्रुपवरच्या त्या ओळीचं उत्तर उलटंच आहे. पाणी उबदार, गोठण उशिरा, म्हणजे कारखाना जास्त दिवस चालू. हवाच फार तापली तर तेच बाष्प पावसाच्या रूपात पडेल, ही पुढची पायरी. एका फोटोवरून दोन्हीही सिद्ध होत नाही. तापमानवाढीचा पुरावा म्हणून तो फिरवणारेही तितकेच घाईत असतात.

बफेलोकरांचीही एक लाडकी समजूत आहे. नायगरा नदीच्या तोंडाशी 1964 पासून दर हिवाळ्यात सुमारे 2.7 किलोमीटर लांबीची तरंगती साखळी ताणतात, आधी लाकडी ओंडक्यांची, आता पोलादी पिंपांची. पाणी 4 अंशांवर उतरलं किंवा 16 डिसेंबर उजाडला, की ती बसवायची. बर्फाचे तुकडे वीजकेंद्रांच्या तोंडात जाऊ नयेत, हा मुख्य हेतू. पण वसंत लांबला की गावात बोट तिच्याकडेच वळतं: साखळीने बर्फ अडवला म्हणून थंडी हटत नाही! आकडेच पाहा ना. तळ्याचं क्षेत्रफळ सुमारे 25,700 चौरस किलोमीटर. त्यावरचा बर्फ वितळतो बहुतांशी ऊन आणि उबदार वाऱ्याने, जागच्या जागी; नदीच्या अरुंद तोंडातून जाऊ शकतो तो त्यातला अगदी थोडा. अभ्यासांतही साखळीचा हवामानावर लक्षात येण्याजोगा परिणाम आढळलेला नाही. तरी साखळी अजून का काढली नाही, हा प्रश्न मार्च सरता सरता तिथे विचारला जातोच.