फ्रान्समधले खंदक बघायला जाण्याआधी

सहलीसाठी नाव नोंदवलेल्या सर्व मंडळींना नमस्कार.

पॅरिसनंतरचे दोन दिवस आपण पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर असणार आहोत. साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या आमच्या ऑफिसात बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "तिथं बघायचं काय? नुसती मातीच ना?" हो, मातीच. म्हणून तर हे चार शब्द आधी लिहून देतोय.

आपल्याला किल्ला म्हटलं की दगड आठवतो. अजिंक्यताऱ्याचा तट अजून उभा आहे. पण माती किती दिवस टिकते, हे माण-खटावच्या मंडळींना सांगायला नको. श्रमदानात खणलेला समपातळी चर दोन पावसाळ्यांत निम्मा बुजतो. त्या युद्धात घाईघाईत खणलेले चर शंभराहून जास्त वर्षांनी ओळखू येतात, ते कुणीतरी जपले म्हणूनच.

पहिला मुक्काम बोमाँ-हामेलचा. १ जुलै १९१६ च्या सकाळी न्यूफाउंडलंडची (हे बेट आज कॅनडात आहे) पलटण, सुमारे ८०० माणसं, इथून जर्मन खंदकांवर हल्ल्याला निघाली. अर्ध्या तासाच्या आत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला ६८ जण उभे होते. न्यूफाउंडलंडच्या लोकांनी ही जमीन विकत घेतली आणि १९२५ साली स्मारक म्हणून खुली केली. तिथं खंदकांवर गवत वाढू दिलंय. कडा गोलसर झाल्यात, खोली कमी झालीय, पण आखणी स्पष्ट दिसते.

ती आखणी नीट बघा. खंदक सरळ नाही, दर काही पावलांवर काटकोनात वळतो. सरळ असता, तर एका टोकाला शिरलेल्या शत्रूला दुसऱ्या टोकापर्यंत गोळ्या झाडता आल्या असत्या आणि एकच तोफगोळा सगळी रांग उडवून गेला असता. वळणामुळे मार एका कप्प्यापुरता राहतो. पण शत्रूचा खंदक ताब्यात घ्यायचा, तर याच वळणांवर एकेक कोपरा लढून घ्यावा लागे. फ्रान्समधल्याच फेस्टुबर्टला नोव्हेंबर १९१४ मध्ये गढवाली पलटणीचे नाईक दरवानसिंह नेगी जखमी असूनही दर वळणावर पुढे राहिले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. हे वाचून खंदकाच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की अंगावर काटा येतो.

बोमाँ-हामेलजवळच हॉथॉर्न टेकडीवर सुरुंगाचा खड्डा आहे. सातारकरांना सुरुंग नवा नाही. एप्रिल १७०० मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं अजिंक्यताऱ्याखाली दोन सुरुंग उडवले. दुसरा उलटा फुटला आणि मोगलांचीच शेकडो माणसं गाडली गेली. हॉथॉर्नचा सुरुंग ब्रिटिशांनी १ जुलैच्या हल्ल्याच्या दहा मिनिटं आधी उडवला, त्यामुळे जर्मन सावध झाले.

व्हिमी या दुसऱ्या रणभूमीवर चित्र वेगळं आहे. तिथं वाळूच्या पोत्यांच्या जागी त्याच आकाराचं काँक्रीट भरून खंदक उभे ठेवलेत. फोटो तिथं छान येतात. पण माती बघायची तर बोमाँ-हामेललाच, हे आमचं स्पष्ट मत.

आता कळकळीची विनंती. आखलेली वाट सोडू नका. या जमिनीत न फुटलेले तोफगोळे अजून आहेत. व्हिमीला काही भागांत माणसं न पाठवता मेंढ्या चारूनच गवत कमी करतात. गंजलेला लोखंडाचा तुकडा दिसला तरी हात लावायचा नाही. खंदकाच्या काठावर चढून फोटो काढू नका. दगडी तटावर चढलं तर तट बसत नाही, मातीचा काठ मात्र बसतो. मुलांना आधीच समजावून आणा. तिथली माती खडूसारखी पांढरी, ओली झाली की पाय घसरतो, म्हणून पकड असलेले बूट हवेत. चप्पल चालणार नाही.

शेवटी नव्ह-शापेल. मार्च १९१५ च्या लढाईच्या जागी १९२७ साली भारतीय सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं भिंतींवर आहेत. मध्ये अशोकस्तंभाची आठवण देणारा उंच खांब आहे. तिथं आपण पूर्ण तास देणार आहोत.

"आमच्या अपशिंग्याचे जवान इथंच लढले का?" असंही विचारतात. मराठा पलटणी त्या युद्धात मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपल्यावर शरणागती झाली. त्यामुळे नव्ह-शापेलच्या भिंतीवर आपल्या घरचं नाव असेलच, असं धरून येऊ नका.

तरी घरात पणजोबांचं पदक असेल, तर त्याच्या कडेला कोरलेला क्रमांक आणि पलटणीचं नाव लिहून निघण्याआधी पंधरा दिवस ऑफिसात द्या. युद्धात मरण पावलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी सर्वांना खुली आहे. पणजोबा युद्धात कामी आले असतील, तर नाव कुठल्या स्मारकावर आहे ते आम्ही शोधून देऊ. याचे पैसे घेत नाही.