पंधरा किलोवॅटचं बिलगाव

खानदेशाला समुद्र नाही, तरी बेटं आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात येतात. पाणी दऱ्यांत शिरलं तसे टेकड्यांवरचे पाडे एकमेकांपासून तुटले. बाजाराला जायचं तर होडी, दवाखान्याला जायचं तरी होडी. अशा पाड्यांपर्यंत वीज कशी न्यायची, ही चर्चा आता होते आहे. पण इथल्या लोकांनी एकदा स्वतःच वीज तयार करून दाखवली होती.

अक्राणीतल्या बिलगावात जानेवारी २००३ मध्ये दिवे लागले. उदई नदीवर बंधारा घातला, पाणी पाटाने टाकीत आणलं आणि तिथून सुमारे ९ मीटर खाली टर्बाईनवर सोडलं. आखणी केरळातून आलेल्या अभियंत्यांची, अंगमेहनत गावाच्या श्रमदानाची. क्षमता १५ किलोवॅट, म्हणजे साठ वॅटचे जेमतेम अडीचशे दिवे. शहरातल्या माणसाला हसू येईल. पण जिथे बाहेरून तार येत नाही तिथे हिशेब असाच मांडावा लागतो. गावात जेवढी वीज तयार होईल तेवढीच वापरायची, कमी पडली तर उसनी द्यायला कोणी नाही. स्पेनच्या एल हिएरो बेटावर २०१४ मध्ये हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर सोडवला गेला. वारा जास्त असला की पाणी पंपाने वर चढवून ठेवायचं, वारा पडला की तेच खाली सोडून वीज काढायची. डिझेलची जनित्रं मात्र तिथेही सुटली नाहीत.

बिलगावचं पुढे वेगळंच झालं. २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरकडे निघाली आणि त्याच पावसाळ्यात हा प्रकल्प पाण्याखाली गेला. बुडवणारं धरणही विजेचंच, १४५० मेगावॅटचं. बिलगावच्या सुमारे ९७ हजार पट. नर्मदेच्या पाण्यावरचा राज्यांमधला वाद सोडवणाऱ्या नर्मदा लवादाने १९७९ मध्ये त्यातली २७ टक्के वीज महाराष्ट्राला दिली आहे.

तिकडे धुळ्यात, साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या फिरतात, २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्पही आहे. ती वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वीजतारांच्या सामायिक जाळ्यात जाते, आणि ग्रीडची तार पाण्यावरून पाड्यापर्यंत ओढणं खर्चाचं. म्हणून अशा ठिकाणी पर्याय उरतो तो घरावरच्या सौर पॅनेलचा आणि बॅटरीचा. धरण २०१७ मध्ये १३८.६८ मीटरला पोचलं. आता पॅनेल किंवा खांब रोवायचा तो या रेषेच्या वर.