कॅलरी बघायला फिटनेस बँड घेताय? घ्यायच्या आधी एवढं वाचा

आमच्याकडे बँड बघायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, यातला कॅलरी बरोबर मोजणारा कुठला? आणि आम्ही दर वेळी तेच सांगतो की मोजत कुठलाच नाही, सगळे अंदाज लावतात. ऐकून काही जण जरा हिरमुसतात, पण हे घ्यायच्या आधीच कळलेलं बरं, नाहीतर दोन महिने आकड्यावर विसंबून राहायचं आणि मग वजन का उतरत नाही म्हणून वैतागून बँड कपाटात टाकायचा, असं होतं आणि आम्हाला ते बघून खरंच वाईट वाटतं. कारण वस्तू उपयोगाची आहे, फक्त तिच्याकडून काय अपेक्षा करायची ते कोणी सांगितलेलं नसतं.

आधी आकडा येतो कुठून ते बघू

कॅलरी नीट मोजायच्या असतील तर लॅबमध्ये तोंडावर मास्क लावून तुम्ही किती ऑक्सिजन घेता आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडता ते बघावं लागतं. मनगटावरच्या पट्ट्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला मुख्यतः दोनच गोष्टी कळतात, हात कसा हलतोय आणि हार्ट रेट सेन्सर असेल तर नाडी किती वेगाने चाललीय. हलणं कळतं ॲक्सेलरोमीटर नावाच्या बारक्या चिपमुळे. नाडी कळते ती मागच्या हिरव्या लाइटमुळे, म्हणजे रक्त हिरवा प्रकाश शोषतं, दर ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होतं आणि तसा परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो, त्यावरून सेन्सर ठोके मोजतो. मग तुम्ही ॲपमध्ये भरलेलं वय, वजन, उंची आणि स्त्री की पुरुष हे सगळं घेऊन कंपनीचा फॉर्म्युला एक आकडा काढून देतो. हा फॉर्म्युला प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे दोन हातांत दोन बँड घातलेत तर दोन वेगळे आकडे येणारच, त्यासाठी कुठला तरी एक बिघडलेला असायला लागत नाही.

2017 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमने 60 जणांना मनगटावरची 7 वेगवेगळी उपकरणं घालायला लावून हेच तपासलं होतं. हार्ट रेटमध्ये 7 पैकी 6 उपकरणांची चूक 5 टक्क्यांच्या आत होती, म्हणजे छानच. पण कॅलरीत सगळ्यात चांगल्या उपकरणाची सरासरी चूक 27 टक्के आणि सगळ्यात वाईटाची 93 टक्के निघाली. ती मॉडेल्स आता जुनी झालीत, सेन्सरही सुधारलेत, पण अडचण जिथल्या तिथे आहे कारण नाडी मोजता येते आणि कॅलरी नाडीवरून ओळखावी लागते. 27 टक्के म्हणजे किती ते हिशोबाने बघा, स्क्रीनवर 500 दिसले आणि चूक तेवढीच धरली तर खरा आकडा साधारण 400 पासून जवळजवळ 700 पर्यंत कुठेही असू शकतो.

झोपेतून उठल्या उठल्या 370 कॅलरी?

हा फोन आम्हाला हमखास येतो, की मी तर अजून अंथरुणातून उठले पण नाही आणि बँड म्हणतो 370 कॅलरी जळल्या, हा बिघडलाय. नाही बिघडलेला. शरीर नुसतं चालू ठेवायला, म्हणजे हृदय, मेंदू, श्वास, अंगाची ऊब यासाठी झोपेतही ऊर्जा लागतेच, त्याला बीएमआर म्हणतात आणि बहुतेकांच्या दिवसभराच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा हाच असतो. 1990 पासून वापरात असलेलं मिफ्लिन–सेंट जिओर नावाचं सूत्र आहे, वजन किलोत गुणिले 10, अधिक उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5, आणि शेवटी पुरुषांसाठी अधिक 5, बायकांसाठी वजा 161. वय 30, वजन 60 किलो, उंची 160 सेंटीमीटर असलेल्या बाईचं उत्तर येतं 1289. तासाला साधारण 54, म्हणजे रात्री 12 ते सकाळी 7 एवढ्यात 370 च्या वरच.

म्हणून बँड घेताना त्याचं ॲप उघडून बघा की टोटल कॅलरी (बीएमआर धरून सगळ्या) आणि ॲक्टिव्ह कॅलरी (फक्त हालचालीमुळे जादा गेलेल्या) वेगळ्या दाखवतंय का. आमच्या मते कॅलरीसाठी घेणाऱ्याने सगळ्यात आधी हीच गोष्ट बघावी, आणि नेमकी हीच कोणी बघत नाही. काही ॲप दोन्ही दाखवतात, काहींत एकच आकडा मोठा करून दिलेला असतो आणि तो कुठला ते शोधत बसावं लागतं.

याचा फटका कुठे बसतो सांगतो. वरच्याच बाईने पाऊण तास बऱ्यापैकी वेगात चालून घेतलं तर साधारण 157 कॅलरी होतात, पण त्यातल्या 45 ती पाऊण तास नुसती बसली असती तरी गेल्याच असत्या, म्हणजे चालण्यामुळे जादा गेल्या त्या 112. आता तिच्या डाएटच्या ॲपने दिवसाचा कोटा ठरवताना बीएमआर आधीच धरलाय आणि वर बँडने 157 पाठवले, तर 45 दोनदा मोजले गेले, त्यात बँडचा अंदाज मुळात जास्त असेल तर अजून भर, आणि माणूस तेवढं हक्काचं समजून खातो. बँडने दाखवलेल्या सगळ्या कॅलरी खाऊन भरून काढू नका हे आम्ही प्रत्येकाला सांगतो, अगदी बिल करतानासुद्धा.

तुमचा व्यायाम कुठला त्यावर बँड ठरवा

फक्त चालणार असाल तर साध्यातला साधा चालेल, पावलं मोजणं हे या उपकरणांचं जुनं आणि पक्कं काम आहे. 10,000 पावलांचा आकडासुद्धा 1965 साली जपानमध्ये निघालेल्या मानपो-केई नावाच्या पावलं मोजायच्या यंत्रावरून आलाय, त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर, तो काही डॉक्टरांनी तपासून ठरवलेला आकडा नव्हता. त्यामुळे 10,000 झाले नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

बाहेर पळणाऱ्यांनी बँडमध्येच जीपीएस असलेलं मॉडेल बघावं, काही बँड फोनचं जीपीएस वापरतात आणि मग फोन बरोबर न्यावाच लागतो. जीपीएस चालू असताना बॅटरी मात्र भराभर उतरते, पाकिटावर लिहिलेले दिवस हे जीपीएस सतत चालू ठेवून मोजलेले नसतात.

सायकल चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी, हात हँडलवर स्थिर असतात त्यामुळे नुसता ॲक्सेलरोमीटर असलेल्या बँडला वाटतं तुम्ही बसलाय. जिममध्ये वजन उचलणाऱ्यांचंही तेच, मनगट वाकतं, मूठ घट्ट होते, बँड हलतो आणि हिरव्या लाइटला नाडी सापडत नाही. ट्रॉली किंवा बाबागाडी ढकलतानासुद्धा पावलं कमी मोजली जातात कारण हात हलत नाही. वेट्स किंवा इंटर्व्हल ट्रेनिंग (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असा व्यायाम) मनापासून करत असाल तर छातीवरचा स्ट्रॅप जोडता येईल असा बँड किंवा घड्याळ घ्या. हा स्ट्रॅप हृदयाचा इलेक्ट्रिकल सिग्नलच पकडतो म्हणून पटकन बदलणारी नाडी त्याला नीट कळते. घालायला थोडा त्रास होतो हे खरं, पण त्याला पर्याय नाही. कॅलरी अर्थात त्यातूनही अंदाजानेच येतात, फक्त अंदाज ज्यावर बांधलाय तो आकडा तरी बरोबर असतो.

पोहणाऱ्यांनी 5 एटीएम (पाण्याचा किती दाब सोसतो त्याचं माप) लिहिलंय का ते बघावं, नुसतं वॉटरप्रूफ या शब्दावर जाऊ नका. गरम पाण्याच्या आंघोळीला आणि स्टीमला मात्र तोही काढूनच ठेवा.

नाडी वाढली म्हणजे कॅलरी जळल्या असं नाही

उकाडा, टेन्शन, कमी झोप, ताप, कडक कॉफी या सगळ्याने नाडी वाढते आणि बँडला वाटतं तुम्ही मेहनत करताय. उलट बीपी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर नाडी दाबलेली राहते आणि बँड तुमची मेहनत कमी दाखवतो, अशांनी व्यायाम किती जोरात करायचा हे बँडवरून ठरवू नये, डॉक्टरांना विचारावं. पेसमेकर असेल तर घ्यायच्या आधीच डॉक्टरांशी बोला, आम्हालाही सांगा. मनगटावर गडद टॅटू असेल तर लाइट नीट आत जात नाही, तिथे दुसऱ्या हातावर घालून बघा. थंडीत हात गार पडले की पण रीडिंग गडबडतं.

घालायची पद्धत पण महत्त्वाची. एरवी सैलसर चालेल पण व्यायामाला बँड मनगटाच्या हाडापासून दोन-तीन बोटं वर सरकवा आणि हलणार नाही इतपत घट्ट करा, वळ उठेल इतका नको. आणि वजन बदललं की ॲपमध्ये बदला, 8 किलो कमी झालेला माणूस जुन्याच वजनावर वर्षभर कॅलरी बघत असतो आणि त्याच्या लक्षातही येत नाही.

मग घ्यायचा कशाला?

हा प्रश्न योग्य आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाने 471 जणांवर 2 वर्षं केलेला अभ्यास 2016 मध्ये छापून आला, त्यात ज्यांना दंडावर घालायचं उपकरण दिलं त्यांचं वजन सरासरी 3.5 किलो कमी झालं आणि उपकरण न देता तोच सल्ला दिलेल्यांचं 5.9 किलो. बँड वजन उतरवत नाही हे आम्ही विकणारे असूनही स्पष्ट सांगतो. पण स्वतःशी तुलना करायला तो फार चांगला आहे. एकच बँड, एकाच हातावर, रोज, म्हणजे चूक असली तरी ती बऱ्यापैकी एकाच बाजूची राहते आणि या आठवड्यात मागच्यापेक्षा जास्त हललो की कमी ते दिसतं. पहिले 2 आठवडे काहीच बदलू नका, नेहमीसारखं राहा, त्या दिवसांची ॲक्टिव्ह कॅलरीची सरासरी काढा आणि तिच्यापासून पुढे जा. दर आठवड्याला ठरलेल्या वारी सकाळी वजन करा, वजन आणि बँड यांचं जमत नसेल तर वजनकाट्यावर विश्वास ठेवा.

बाकी रक्तातला ऑक्सिजन दाखवणं, स्ट्रेस स्कोअर, शंभर प्रकारचे स्पोर्ट्स मोड यांच्यासाठी जास्त पैसे देऊ नका, कॅलरीच्या अंदाजात त्यांचा फारसा फरक पडत नाही. दर महिन्याला वर्गणी भरावी लागते का आणि न भरल्यास काय काय बंद होतं हे मात्र घेण्याआधी विचारा.

बघायला येताना स्वतःचा फोन घेऊन या, ॲप त्यावर चालतंय का ते इथेच जोडून बघता येईल. हातात घालून दहा मिनिटं इकडेतिकडे चाला, बोटाने नाडी मोजून स्क्रीनशी ताडून बघा, आम्ही घाई करणार नाही. पट्ट्याने पुरळ आलं तर लगेच काढा, कातडी आणि पट्टा दोन्ही कोरडे करा आणि आम्हाला कळवा, वेगळ्या मटेरियलचा पट्टा बसवून देऊ.