‘स्मॉलव्हिल’ची पार्श्वभूमी : सुपरमॅनचं पोरवय कोणाच्या मालकीचं?

१६ ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेत ‘द डब्ल्यूबी’ वाहिनीवर सुपरमॅनच्या पोरवयाची गोष्ट सांगणाऱ्या ‘स्मॉलव्हिल’ मालिकेचा पहिला भाग लागला आणि ८४ लाख लोकांनी तो पाहिला. त्या वाहिनीवर तोवर कुठल्याही नव्या मालिकेची सुरुवात एवढी दणक्यात झाली नव्हती. त्यानंतर तीनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, सुपरमॅनचा एक जनक जेरी सीगल याच्या वारसांच्या वकिलाने वॉर्नर ब्रदर्सच्या बाजूला एक पत्र लिहिलं. हक्कांबाबत चाललेल्या वाटाघाटींतल्या अटी वारसांना मान्य आहेत, असा त्याचा मजकूर होता. त्या पत्राने करार झाला की नाही, हे ठरायला पुढे २०१३ साल उजाडलं. पडद्यावरची गोष्ट आणि कोर्टातली कागदपत्रं वेगवेगळ्या वाटांनी चालली होती, पण दोन्हींच्या मुळाशी सुपरमॅन होण्याआधीचा तोच मुलगा होता. या मालिकेचा इतिहास सांगायचा तर त्या मुलाची कल्पना कोणाला सुचली, कोणी नाकारली आणि कोणी वापरली, इथूनच सुरुवात करावी लागते.

जेरी सीगल आणि जो शस्टर हे ओहायोतल्या क्लीव्हलंडचे शाळासोबती. एक लिहायचा, दुसरा चित्रं काढायचा. त्यांचा सुपरमॅन ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात आला. अंकावर जून १९३८ अशी तारीख होती. त्यासाठी दोघांना मिळून १३० डॉलर मिळाले आणि त्या बदल्यात पात्राचे सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले. त्या पहिल्या कथेत नायकाचं बालपण एका पानात आटोपलं होतं. मरणाऱ्या ग्रहावरून आलेलं मूल कुणाला तरी सापडतं, अनाथाश्रमात जातं, मोठं होतं, संपलं. केंट दांपत्य, म्हणजे त्याचे पालक आईवडील, पुढच्या वर्षी ‘सुपरमॅन’ नावाचं स्वतंत्र कॉमिक निघालं तेव्हा गोष्टीत आले.

या एका पानात किती काय दडलंय, हे सगळ्यांत आधी सीगललाच दिसलं. १९३८ संपायच्या आत त्याने प्रकाशकाला सुचवलं की सुपरमॅन लहान असतानाच्या गोष्टी लिहूया, नाव ‘सुपरबॉय’. अंगात अचाट ताकद असलेला, पण अजून अक्कल न आलेला खोडकर मुलगा त्याच्या डोळ्यांपुढे होता. नकार आला. १९४० मध्ये त्याने पूर्ण संहिताच लिहून दिली, तरी पुन्हा नकार. नंतर तो सैन्यात गेला आणि हवाईला असताना, १९४५ च्या पहिल्या अंकात, ‘मोअर फन कॉमिक्स’ने सुपरबॉय छापून टाकला. लेखन दुसऱ्याचं. सीगलला साधं विचारलंही नव्हतं.

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त लागते. १३० डॉलरचा व्यवहार निदान सहीने झाला होता. इथे तर नाकारलेली कल्पना लेखकाच्या पाठीमागे, तो गणवेशात असताना, उचलली गेली. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, सीगल आणि शस्टर न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टरच्या न्यायालयात गेले. सुपरमॅनबद्दल न्यायाधीशांनी प्रकाशकाच्या बाजूने कौल दिला, पण सुपरबॉय सीगलचाच आहे, असंही स्पष्ट म्हटलं. हा विजय हातात फार काळ राहिला नाही. १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली, सुपरबॉयही कंपनीकडे गेला आणि दोघांची नावं कथांवरून उतरली. ती परत यायला १९७५ साल लागलं. तेव्हा सुपरमॅनचा मोठा चित्रपट येऊ घातला होता आणि या दोघांच्या हलाखीच्या बातम्या वृत्तपत्रांत छापून येत होत्या. तोवर प्रकाशक कंपनीची मालक झालेल्या वॉर्नरने दोघांना वर्षाला प्रत्येकी २०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं आणि श्रेयनामावलीत नावंही परत घातली.

दरम्यान सुपरबॉयच्या कॉमिक्सनी गाव वसवायला घेतलं होतं. ‘स्मॉलव्हिल’ हे नाव १९४९ मध्ये आलं. शेजारची लाना लँग १९५० मध्ये आली, क्रिप्टो हा कुत्रा १९५५ मध्ये, मित्र पीट रॉस १९६१ मध्ये. पुढच्या मालिकेच्या दृष्टीने खरी मोलाची कथा मात्र एप्रिल १९६० ची. तिच्यात कळतं की सुपरमॅनचा कट्टर शत्रू लेक्स लुथर हा याच गावातला, सुपरबॉयवर जीव टाकणारा हुशार मुलगा होता. सुपरबॉय त्याला प्रयोगशाळा बांधून देतो. तिथे आग लागते, सुपरबॉय फुंकर मारून ती विझवतो, त्यात रसायनं सांडतात आणि त्यांच्या वाफांनी लेक्सचे केस कायमचे जातात. आपल्या शोधावर जळून याने हे मुद्दाम केलं, असं लेक्सच्या डोक्यात बसतं आणि मैत्री तुटते. केसांपायी वैर हे कारण आज बाळबोध वाटेल, पण दोन जिवलग मित्र पुढे वैरी होणार आहेत हे बीज तिथे पेरलं गेलं.

पडद्यावर हा मुलगा आणायचे प्रयत्न बरेच आधीपासून चालू होते. जॉर्ज रीव्ह्जची सुपरमॅन मालिका १९५२ ते १९५८ चालली आणि १९५९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तिचे निर्माते व्हिटनी एल्सवर्थ यांनी १९६१ मध्ये जॉनी रॉकवेल या तरुणाला घेऊन सुपरबॉयचा नमुना भाग चित्रित केला. तेरा भागांच्या संहिता तयार होत्या. तो एक भागही कधी प्रसारित झाला नाही. मग १९७८ च्या रिचर्ड डॉनर यांच्या चित्रपटाने बालपणाला हृदय दिलं. जेफ ईस्ट हा तरुण क्लार्क (सुपरमॅनचं पृथ्वीवरचं नाव), ग्लेन फोर्ड त्याचे वडील, कॅनडातल्या अल्बर्टाची मैलोन्‌मैल पसरलेली गव्हाची शेतं. एवढी ताकद असूनही वडिलांना हृदयविकारापासून वाचवता आलं नाही, हे त्या पोराचं दुःख पुढच्या प्रत्येक आवृत्तीवर सावलीसारखं पडलं.

१९८६ मध्ये कॉमिक्समध्ये उलथापालथ झाली. जॉन बर्न यांनी सुपरमॅनचा उगम नव्याने लिहिताना सुपरबॉय पार पुसून टाकला. त्यांच्या क्लार्कच्या शक्ती वयाबरोबर हळूहळू वाढतात, तरुणपणी तो कुठलाही पोशाख घालत नाही, आणि तो मोठा झाल्यावरही आईवडील हयात असतात. म्हणजे सुपरबॉय गेला, पण कॅन्ससच्या शेतावरचा एक गोंधळलेला मुलगा उरला. पंधरा वर्षांनी टीव्हीला नेमका तोच हवा होता. मधल्या काळात, १९८८ ते १९९२, साल्काइंड पिता-पुत्रांनी ‘सुपरबॉय’ नावाची शंभर भागांची मालिका केली. चित्रीकरण फ्लोरिडात, पहिल्या पर्वानंतर नायकच बदलला, आणि कथेतल्या विद्यापीठाचं नाव शस्टर. त्या नावासाठी तरी मला ती मालिका आवडते. पण तिचा नायक पोशाख घालून उडणारा छोटा सुपरमॅनच होता. वाढण्याची गोष्ट तिला फारशी सांगायची नव्हती.

‘स्मॉलव्हिल’चा जन्म झाला तो एक दुसरा दरवाजा बंद झाल्यामुळे. १९९० च्या दशकाअखेरीस टॉलिन-रॉबिन्स ही निर्मिती संस्था तरुण ब्रूस वेनवर, म्हणजे बॅटमॅन होण्याआधीच्या मुलावर, मालिका आखत होती. वॉर्नरच्या चित्रपट विभागाला बॅटमॅनच्या सुरुवातीवर सिनेमा करायचा होता, म्हणून मालिका बारगळली. मग तीच मांडणी सुपरमॅनकडे वळली. वॉर्नरच्या टीव्ही विभागाचे प्रमुख पीटर रॉथ यांनी आल्फ्रेड गॉ आणि माइल्स मिलर या लेखकद्वयाला विचारलं. दोघांनी अट घातली की नायक तंग पोशाख घालणार नाही आणि उडणार नाही. एखाददुसरा अपवाद सोडला तर दहा वर्षं हा नेम पाळला गेला.

या नेमाने काय साधलं, ते पहिल्याच भागात दिसतं. क्लार्कला शाळेच्या फुटबॉल संघात खेळायचंय आणि वडील परवानगीच्या कागदावर सही करत नाहीत. कारण पोराचा धक्का लागून कुणी मेलं तर? लेक्सची भरधाव गाडी पुलावर त्याला धडकते, दोघं नदीत पडतात, क्लार्क त्याला बाहेर काढतो. लेक्स उपकाराखातर नवा कोरा ट्रक पाठवतो आणि वडील तो परत करायला लावतात. वैतागलेला क्लार्क मग लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्रात हात घालतो. हाताला साधा ओरखडा नाही. हे काय माणसासारखं आहे का, असा त्याचा बापाला सवाल. इथे कुठला खलनायक नाही, आकाशातून पडणारं विमान नाही. कोठारात उभा एक चिडलेला मुलगा आणि उत्तर टाळत आलेला बाप. त्यानंतर बाप त्याला तळघरात दडवलेलं यान दाखवतो. क्लार्क झालेला टॉम वेलिंग आणि बाप झालेले जॉन श्नायडर यांनी हा प्रसंग इतका साधा ठेवलाय की पुढच्या दहा वर्षांचं वजन तो एकटा पेलतो.

त्याच भागात फुटबॉलच्या पोरांनी क्लार्कला मक्याच्या शेतात बुजगावण्यासारखं खांबाला बांधलेलं असतं, छातीवर लाल रंगात ‘एस’ फासून. त्याला सोडवून घेता येत नाही, कारण गळ्यात लानाचा, त्याची ताकद हिरावून घेणारा हिरवा खडा आहे. मालिकेने केलेला सर्वांत हुशार बदल हाच. क्लार्कला पृथ्वीवर आणणारा उल्कावर्षावच लानाच्या आईवडिलांचा जीव घेतो, छोट्या लेक्सचे केस नेतो आणि गावभर ते विषारी खडे पसरवतो. नायकाचं येणं हेच गावाचं संकट. आपल्याकडे गोकुळातल्या कृष्णाच्या कथा ज्यांनी ऐकल्यात त्यांना पालक आईवडिलांकडे वाढणारा हा पोर ओळखीचा वाटेल. पण आपल्या येण्यानेच गावाचं वाटोळं झालं, हा क्लार्कच्या मनातला सल अगदी त्याचा स्वतःचा आहे.

खड्यांमुळे दर आठवड्याला कुणीतरी विचित्र शक्ती मिळवून बिघडायचं आणि क्लार्कने त्याला आवरायचं, या साच्यात पहिली दोन पर्वं बरीच अडकली. ते भाग आज बघवत नाहीत. टिकतं ते मायकल रोझेनबाउमच्या लेक्सचं काम. १९६० च्या त्या बीजाला इथे खरं झाड फुटलं. हा लेक्स चांगला व्हायला धडपडतो, त्याला क्लार्ककडून फक्त खरं ऐकायचं असतं, आणि क्लार्क त्याच्याशी सतत खोटं बोलतो. त्यामुळे तो बिघडतो तेव्हा पाहणाऱ्याला क्लार्कचाही राग येतो. ॲलिसन मॅकने साकारलेली क्लोई सलिव्हन तर मालिकेसाठीच घडवलेली. २०१० मध्ये ती उलट कॉमिक्समध्ये गेली. क्लार्कच्या आईचं, मार्थाचं काम ॲनेट ओटूल यांनी केलं. १९८३ च्या सुपरमॅन चित्रपटात त्या लाना होत्या.

आणि ख्रिस्तोफर रीव्ह. १९७८ चा हा सुपरमॅन १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला होता. फेब्रुवारी २००३ च्या भागात तो डॉ. व्हर्जिल स्वान म्हणून आला. त्याला प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून चित्रीकरणाचा जथा व्हँकुव्हरहून न्यूयॉर्कला गेला. व्हीलचेअरमध्ये बसलेला रीव्ह वेलिंगच्या क्लार्कला त्याचं खरं नाव सांगतो, काल-एल, आणि तो कुठून आला तेही सांगतो. पार्श्वभूमीला जॉन विल्यम्स यांच्या जुन्या संगीताचे सूर. ऑक्टोबर २००४ मध्ये रीव्ह गेला. सुपरहिरोंच्या सगळ्या मालिका धुंडाळल्या तरी या तोडीचा प्रसंग मला सापडलेला नाही.

मालिका पुढे वाढत आणि ताणत गेली. २००६ च्या जानेवारीत, शंभराव्या भागात, वडील हृदयविकाराने गेले, १९७८ सारखेच. त्याच वर्षी वाहिनी ‘द सीडब्ल्यू’ झाली. सातव्या पर्वानंतर गॉ, मिलर आणि रोझेनबाउम बाहेर पडले. १३ मे २०११ रोजी मालिका संपली, तेव्हा रोझेनबाउम शेवटच्या भागापुरता परतला होता. क्लार्कने पोशाख स्वीकारला तोही याच भागात. मालिका संपायच्या आधीच, २०१० मध्ये, गॉ, मिलर आणि टॉलिन-रॉबिन्स यांनी वॉर्नरवर दावा लावला होता. मालिका आपल्याच घरच्या वाहिनीला स्वस्तात विकून आमचा वाटा मारला, असं त्यांचं म्हणणं होतं. तो दावा तडजोडीने मिटला.

सीगलच्या वारसांचं भांडण याहून मोठं होतं. अमेरिकेच्या १९७६ च्या स्वामित्वहक्क कायद्याने जुन्या लेखकांना आणि वारसांना विकलेले हक्क ठरावीक वर्षांनी परत मागायची मुभा दिली आहे. सीगल १९९६ मध्ये वारला होता. वारसांनी आधी सुपरमॅनसाठी आणि मग २००२ मध्ये सुपरबॉयसाठी नोटीस दिली. मार्च २००६ मध्ये न्यायाधीश रोनाल्ड ल्यू यांनी सुपरबॉय २००४ पासून वारसांचा झाल्याचा निकाल दिला आणि ‘स्मॉलव्हिल’ने हक्कभंग केला असू शकतो, असंही नोंदवलं. सहावं पर्व यायचं होतं आणि मालिकेच्या पायाखालची जमीनच वादात सापडली. पुढच्या वर्षी दुसऱ्या न्यायाधीशांनी, स्टीफन लार्सन यांनी, तो निकाल फिरवला. अखेर जानेवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की १९ ऑक्टोबर २००१ च्या पत्रानेच करार पक्का झाला होता. हक्क वॉर्नरकडे राहिले.

आता कॉमिक्सच्या अंकांत सुपरमॅनच्या श्रेयात सीगल आणि शस्टर या दोघांची नावं असतात आणि सीगल कुटुंबाशी झालेल्या विशेष व्यवस्थेचा उल्लेख असतो. सुपरबॉयच्या श्रेयात निर्माता म्हणून एकट्या जेरी सीगलचं नाव छापतात.