वेतविणीचे सागवानी फर्निचर

सागवान, शिसव यांसारख्या टणक लाकडाच्या चौकटीत वेताच्या पट्ट्यांची जाळी हाताने विणून खुर्चीची बैठक, पाठ किंवा पलंगाची उशाकडील बाजू तयार करण्याची पद्धत. वेत ही ताडाच्या कुळातील काटेरी वेल असून ती पश्चिम घाट, ईशान्य भारत, अंदमान-निकोबार आणि आग्नेय आशियात वाढते. बांबू पोकळ असतो, वेत भरीव असतो. त्याच्या चिवट, चकचकीत सालीच्या पट्ट्या विणकामाला आणि आतला गाभा टोपल्यांसारख्या वस्तूंना वापरतात.

विणण्यापूर्वी चौकटीच्या कडेने सारख्या अंतरावर भोके पाडतात आणि पट्ट्या पाण्यात भिजवून मऊ करतात. पहिल्या फेरीत पट्ट्या मागून पुढे, दुसरीत त्यांच्यावरून आडव्या ताणतात. तिसरी फेरी पुन्हा उभी असते आणि चौथ्या फेरीत आडवी पट्टी उभ्या पट्ट्यांच्या खालून-वरून ओवली जाते. पाचव्या व सहाव्या फेरीत दोन्ही दिशांनी तिरक्या पट्ट्या गेल्या, की जाळीला अष्टकोनी छिद्रे पडतात. शेवटी रुंद पट्टीने भोके झाकून कडा बांधतात. ओली पट्टी वाळताना आक्रसते, त्यामुळे बैठक घट्ट होते. विणकराचे खरे कसब मात्र प्रत्येक फेरीत ताण सारखा ठेवण्यात आहे, कारण एका बाजूला अधिक ओढ बसली की जाळी तिथूनच तुटू लागते.

सतराव्या शतकात व्यापारी कंपन्यांमार्फत आशियातील वेत युरोपात पोहोचला आणि तिथे वेतविणीच्या खुर्च्यांची आवड निर्माण झाली. दमट, उष्ण हवेत हवा खेळती ठेवणारी ही बैठक भारतात आरामखुर्च्यांपासून गोव्यातील घरांच्या शिसवी बाकांपर्यंत रुजली. चंदीगडच्या उभारणीत वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी 1950 च्या दशकात सरकारी इमारतींसाठी सागवान आणि वेत यांच्या खुर्च्या घडवून घेतल्या. पुढे त्यांतील कित्येक भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या गेल्या. आपल्याच कचेऱ्यांतील वस्तूंचे मोल आपल्याला इतक्या उशिरा कळावे, ही खेदाची गोष्ट आहे.

अशा चौकटींसाठी जुने लाकूड विशेष चांगले ठरते. मुंबई-पुण्यातील जुने वाडे आणि चाळी पाडल्या जातात तेव्हा निघणाऱ्या तुळया, खांब व दारे यांत उत्तम सागवान, काही ठिकाणी ब्रह्मदेशातून आलेलेही, सापडते. ते अनेक दशके मुरलेले असल्याने सहसा पिळवटत नाही. मात्र रंध्यावर घेण्यापूर्वी त्यातील प्रत्येक खिळा काढावा लागतो, आणि वाळवीने पोखरलेला भाग कापून टाकावा लागतो.

चौकट पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तर जाळी वापरानुसार काही वर्षांनी बदलावी लागते. म्हणून पुनर्विणकाम हा स्वतंत्र व्यवसाय झाला. स्पर्शाने करता येणारे हे काम भारतात अंध व्यक्तींना दीर्घकाळ शिकवले गेले असून सरकारी कार्यालयांतील खुर्च्या विणण्यासाठी त्यांची नेमणूकही होत असे. प्लास्टिकच्या पट्ट्या व फोमच्या गाद्या आल्यावर हे काम रोडावले. हल्ली यंत्रावर विणलेली जाळी खोबणीत गोंदाने बसवून देण्याची पद्धत रूढ आहे. ती स्वस्त पडते, पण बदलताना खोबण कोरून साफ करावी लागते. भोके पाडलेल्या चौकटीत तुटलेला वेत उपसून त्याच भोकांतून नवा ओवता येतो.