स्मार्टफोनद्वारे झोपेचे मापन

मनगटी पट्टा, घड्याळ किंवा अंगठी यांपैकी काहीही अंगावर न घालता, अंथरुणाजवळ ठेवलेल्या फोनच्या साहाय्याने झोपेचा कालावधी, तिच्यातील खंड आणि घोरणे यांची रात्रभर नोंद घेण्याची ही पद्धत आहे. यात फोन झोप थेट मोजत नाही. तो हालचाल आणि आवाज टिपतो व त्यांवरून झोपेचे अनुमान काढतो. हा फरक ध्यानात ठेवल्याशिवाय सकाळी पडद्यावर उमटणाऱ्या आलेखाचा अर्थ लागत नाही.

झोपेच्या तपासणीत पॉलिसोम्नोग्राफी ही प्रमाण मानली जाते. तीत मेंदूच्या विद्युत्-लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, श्वास आणि रक्तातील ऑक्सिजन यांची एकत्रित नोंद होते आणि ती तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत वाचली जाते. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतील जलद नेत्रहालचालींचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि रात्रीत साधारण दर ९० मिनिटांनी झोपेचे टप्पे फिरून येतात हे पुढे स्पष्ट झाले. हे टप्पे मुख्यतः मेंदूच्या लहरींवरून ओळखले जातात. फोनला त्या लहरी दिसत नाहीत; म्हणून 'गाढ झोप १ तास २० मिनिटे' अशा नेमक्या वाटणाऱ्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. झोपायची व उठायची वेळ यांबाबत मात्र फोन पुष्कळ उपयोगी पडतो.

सुरुवातीच्या ॲपमध्ये फोनमधील त्वरणमापकाचा, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या संवेदकाचा, वापर होई. स्वीडनमध्ये तयार झालेले 'स्लीप सायकल' २००९ मध्ये आयफोनवर आले, तेव्हा फोन गादीवर उशीजवळ ठेवावा लागे आणि कूस बदलताना गादीला बसणारा हिसका तो टिपत असे. पुढे मायक्रोफोनचा मार्ग रूढ झाला. तिसरा मार्ग ध्वनिलहरींच्या परावर्तनाचा आहे: फोनचा स्पीकर कानाला जवळजवळ ऐकू न येणारा उच्च वारंवारतेचा ध्वनी सोडतो आणि छातीवरून परतणाऱ्या लहरींतील सूक्ष्म बदलावरून श्वासाची गती कळते. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये १८ ते २० किलोहर्ट्झच्या लहरी वापरून ३७ रुग्णांवर ही पद्धत तपासली होती. २०२१ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी दिलेली सोय याहून साधी आहे. फोनची हालचाल आणि खोलीतील उजेड यांवरून माणूस झोपला असावा का, एवढेच ती सांगते.

हे सारे तंत्र बंद खिडक्यांची शांत खोली गृहीत धरते. गोव्यातील घर तसे क्वचितच असते. चटईवर जमिनीवर झोपणाऱ्याची कूस फोनपर्यंत पोहोचतच नाही. काथ्याच्या टणक गादीतून ती अंधुक पोहोचते. आणि एकाच गादीवर दोघे असतील तर कोण हलले हे त्वरणमापकाला कळत नाही. पंख्याच्या वाऱ्याने मच्छरदाणी हलत असेल, तर परावर्तित लहरींतही ती हालचाल मिसळते. डिचोली किंवा सत्तरीतील एखाद्या घरात आषाढातील रात्रीची नोंद डोळ्यांपुढे आणावी: पडवीच्या पत्र्यांवर पाऊस कोसळू लागला की आवाजाची रेषा वर चढते आणि तिच्याखाली श्वास बुडून जातो, बेडकांचा ठेका ॲपला घोरण्यासारखा वाटू शकतो, वीज गेली की पंखा थांबतो, रेषा एकदम खाली येते, आणि थोड्याच वेळात उकाड्याने वळवळणाऱ्या माणसाच्या हालचाली दिसू लागतात. पहाटे पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वाजला की आलेखावर एक टोकदार रेघ उमटते. अशा रात्रीचा आलेख झोपेइतकाच घराचाही असतो. म्हणून फोन पंख्याच्या झोतापासून दूर, उशाशी हातभर अंतरावरील स्टुलावर, फ्लाइट मोडमध्ये ठेवावा आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली मुळीच ठेवू नये, कारण तो तापतो. पावसाळ्यातील रात्रींची तुलना पावसाळ्यातील रात्रींशीच करणे योग्य ठरते.

दुपारच्या वामकुक्षीचा प्रश्न वेगळा आहे. गोव्यात दुपारी दुकानांची दारे ओढून घेण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. बटण दाबल्यावरच सुरू होणारे ॲप ही झोप धरत नाही. परिणामी दुपारी तासभर झोपणाऱ्या माणसाला ते रात्री कमी झोपल्याचा ठपका देते. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्यांनी तर झोपेच्या ठरावीक वेळा ॲपमध्ये स्वतः बदलून घ्याव्यात.

स्वस्थ पडून राहिलेला जागा माणूस झोपलेला समजला जाणे, हा हालचालीवर आधारलेल्या प्रत्येक पद्धतीचा जुना दोष आहे, आणि निद्रानाशाचा रुग्ण नेमका तसाच पडून असतो. त्याच्यासाठी १९८९ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे तयार झालेली झोपेच्या दर्जाविषयीची प्रश्नावली अधिक भरवशाची आहे. तीत ० ते २१ गुण असतात आणि ५ हून अधिक गुण वाईट झोपेचे निदर्शक मानले जातात. याउलट, आकडे सुधारण्याच्या ध्यासाने झोपच उडण्याच्या अवस्थेला २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' हे नाव दिले.

घोरण्याची ध्वनिफीत हा या पद्धतीचा सर्वांत मोलाचा भाग होय. झोपेत श्वास किमान १० सेकंद अडण्याचे प्रकार तासाला सरासरी ५ किंवा अधिक वेळा घडत असतील, तर निद्राश्वसनरोधाचा विचार करावा लागतो. हे निदान फोन करू शकत नाही. परंतु घोरणे, मध्येच पडलेली शांतता आणि त्यानंतरचा दचकून घेतलेला श्वास असलेली दोन मिनिटांची फीत डॉक्टरांना ऐकवली, तर एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीतही तपासणीची गरज लगेच कळते. एरवी ही माहिती द्यायला शेजारी झोपणारे कोणीतरी लागते. त्याच मायक्रोफोनला खोलीतील खासगी बोलणेही ऐकू येते. म्हणून ध्वनिफिती फोनमध्येच राहतात की कंपनीच्या सर्व्हरवर जातात, हे ॲप घेतानाच पाहावे, आणि त्या खोलीत झोपणाऱ्या प्रत्येकाला नोंदीची कल्पना द्यावी.